त्रिशलाला, खड्याबद्दल

त्रिशला, आठच दिवस.
किल्ली कोनाड्यात, साखळी खुंटीला,
आणि खडा: तू दार उघडशील तेव्हा
आधी तुझ्या चपलांशी बोलेल, मग तुझ्याशी.

सहा किलोचा जीव.
रंग फुटलेल्या रव्याच्या आतल्या बाजूचा, म्हणून खडा.
सन्मतीनं ठेवलेलं नाव इंग्रजी होतं,
ते त्याच्याबरोबरच पुण्याला गेलं.
जात टेरिअर, असं कार्डावर लिहिलंय.

उंचीवर जाऊ नको. यार्डातला बैल त्याला बरोबरीचा वाटतो.
ट्रकचं चाक, पोस्टमन, फटफट करणारी बुलेट,
सगळ्यांना एकच न्याय.
"नको" म्हणालीस तर मान वाकडी करून ऐकेल,
पूर्ण ऐकेल,
मग स्वतःचंच करील.
ओरडू नको. त्याला वाटतं
तूही भुंकतेयस, त्याच्या बाजूनं.

सकाळी सहाला रंकाळा. साखळीचे मनगटाला दोन वेढे,
कारण खार दिसली की तो कुत्रा राहत नाही.
केस राठ आहेत, राठच राहू देत, कात्री लावू नको.
रविवारी ऊन उतरल्यावर मेलेले केस
चिमटीनं उपटायचे, थोडे थोडे.
तेव्हा डोळे मिटून बसतो
न्हाव्यापुढं बसलेल्या म्हाताऱ्यासारखा.
कानामागं गोचीड बघ.
लेप्टोची लस झालीय, कार्ड फ्रिजवर.

कांदा-लसूण त्याला चालत नाही.
शहापुरे डॉक्टर हसले, "बरोबर घरी आलाय की हो!"
द्राक्षं नकोत. गूळ मागेल,
अडत्याच्या घरचा आहे, मागणारच. देऊ नको.
त्याचं खाणं पितळी डब्यात ओतून ठेवलंय.
पाकिटावर कोंबडीचं चित्र होतं, ते मी बाहेर टाकलं.
ह्यांना माहीत आहे.
ह्यांना माहीत आहे, हे मलाही माहीत आहे.
दिवस मावळायच्या आत वाढ, आपल्यासारखंच.
तरी नऊ वाजता नाकानं भांडं ढकलत येईल तुझ्यापर्यंत.
थोडं दे. नेम आपले आहेत, त्याचे नाहीत.

आता गोदामाचं. हे नीट वाच.

गेल्या मार्गशीर्षात तो पहिल्यांदा
रव्यांच्या थप्पीमागं शिरला.
आवाज असा झालाच नाही.
बाहेर आला तो तोंडात उंदीर, मान मोडलेली,
आणून ठेवला ह्यांच्या पायाशी, वहीजवळ.
शेपटी अशी, जणू हंगामातली पहिली पट्टी आणलीय.

तीन पिढ्या आमच्या गोदामात विष नाही, चाप नाही.
पिंजरा लावायचा, सकाळी पंचगंगेकाठी सोडून यायचं.
(तेच परत येतात, असं सगळं यार्ड म्हणतं.)
हे काही बोलले नाहीत. दोन दिवस उपास धरला.
मला वाटलं, गेला आता खडा कुणाच्या तरी मळ्यावर.
पण त्यानंही दोन दिवस भांड्याला तोंड लावलं नाही,
ह्यांच्या खुर्चीखाली नुसता पडून.
तिसऱ्या रात्री म्हणाले,
"हे त्याच्या खात्यावर पडत नाही.
खातं असतं, हेच त्याला ठाऊक नाही."
मी विचारलं, "मग कुणाच्या?"
बराच वेळ चष्मा पुसत बसले.

तेव्हापासून असं चालतं, तूही असंच कर.
संध्याकाळी गोदामाचं कुलूप काढायच्या आधी
त्याला काखेत घे. थरथरेल,
थंडीनं नाही.
दाराशी तेलाचा रिकामा डबा आहे, शेजारी जुनं किलोचं वजन.
डबा वाजव. हे शंभर मोजतात, सावकाश,
तू पन्नास तरी मोज.
आत सरसर ऐकू येईल.
ती थांबू दे.
मग कुलूप काढ, आणि सोड त्याला खाली.

आणि तरीही काही सापडलंच,
तर मला फोन कर. ह्यांना नको.